बोट दाखवलं, ठीक म्हटलं

आमच्या ह्यांचं अख्खं आयुष्य बोट दाखवण्यात गेलं. इकडे जपानात अबुरात्सु ते शिबुशी मार्गावर रेल्वे चालवायचे. सिग्नलकडे पांढऱ्या हातमोज्यातलं बोट रोखायचं, मोठ्यांदा "ठीक" म्हणायचं, मग गाडी हलवायची. नोकरी संपली तरी बोट काही खाली आलं नाही. घरातून निघताना गॅस, ठीक. दिवा, ठीक. कुलूप, ठीक. एकदा मी तापाने फणफणले होते, तर माझ्याकडे बोट रोखून "किनुए, ठीक" म्हणाले आणि गळ घेऊन मासे धरायला गेले.

निवृत्तीनंतर ह्यांनी एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली. लाल, दोन माणसांची. माझ्या कपाळावर कधी हात फिरला नसेल इतका तिच्या बॉनेटवर फिरतो. पळताना बरी पळते, पण सिग्नलला थांबली की धापा टाकते आणि बंद पडते. बॉनेटखाली रबरी नळ्यांचा नुसता शेवयांसारखा गुंता. त्यातली एखादी फुटलीय आणि इंजिन तिथून नको ती हवा ओढतंय, हे ह्यांनाही कळत होतं. कुठली फुटलीय, तेवढं सापडत नव्हतं.

शिबुशीला माझी थोरली बहीण, फुमिएताई, एकटी राहते. सोमवारी तिला वृद्धाश्रमात हलवणार होते. त्याआधी तिच्या स्वयंपाकघरात बसून तिच्या हातचं एकदा जेवायचं, एवढंच मला हवं होतं. रविवारची रेल्वे धरू म्हटलं, तर ह्यांचा चेहरा पडला.

"जी पुढे बसून चालवली, तिच्यात आता मागे बसू? मांडीवर पिशवी घेऊन?"

"पिशवी मी घेते."

"अगं, कारने नेतो म्हटलं ना."

रविवारी सकाळी इंजिन सुरू करून ह्यांची तपासणी चालू झाली. पांढरे हातमोजे घालून एकेका नळीकडे बोट. ही ठीक. ती ठीक.

"हात लावून बघा की जरा," मी म्हटलं.

"हातमोजे मळतील."

डास पायाला फोडून काढत होते, म्हणून मी डासांची कॉइल पेटवून आणली आणि इंजिनाच्या कडेला ठेवली. धूर वर जाईना. मागच्या कोपऱ्यातल्या एका नळीच्या पोटाखाली सरळ आत शिरत होता. कॉइल लांब धरली की धूर वर, जवळ नेली की पुन्हा आत.

"अहो, ही बघा. धूर ओढतेय."

"ती झाली. तिला ठीक म्हटलंय मी."

"खालून चिरली असेल."

"एकदा ठीक म्हटलं की ठीक. आता तू मला शिकव."

मी नळीखाली अंगठा दाबला. इंजिनाची धाप थांबली, आवाज एकसारखा झाला. हे खुलले. "बघितलंस? माझं लक्ष असलं की लाइनीवर येतं." मी अंगठा काढला आणि इंजिन आचके देत बंद पडलं. हे पुन्हा पहिल्या नळीपासून तपासायला लागले.

राग आला, खोटं कशाला बोलू. मी हात धुतले, भाताचे गोळे आणि खारवलेली आंबट उमेची फळं पिशवीत भरली, चपला घातल्या. फाटकापाशी वळून बघितलं तर ह्यांचं डोकं बॉनेटखाली आणि पाठ माझ्याकडे. मी ह्यांच्याकडे बोट रोखलं.

"नवरा, ठीक."

"ठीक," आतून सवयीने उत्तर आलं.

रेल्वेने शिबुशी गाठलं; दुपारी ताईने मुळ्याची भाजी वाढली. आमटीत मीठ जास्त झालं होतं, ते तिला सांगितलं नाही. जेवताना तिने विचारलं, "तोशिमित्सु आला नाही? बरा आहे ना?"

"ठीक आहेत," मी म्हटलं. "जवळ जाऊन बघितलं नाही, पण बोट दाखवून आलेय."