शुगरची सिनियॉरिटी

चार रिकामी माणसं रोज सकाळी एकाच जागी बसायला लागली की किस्से आपोआप साचतात. कोणी मुद्दाम जमवत नाही. सांगायला बसलं की मात्र कुठून सुरुवात करावी ते कळत नाही.

बोरगाव मेघेला आमच्या लेआउटच्या, म्हणजे कॉलनीच्या, ओपन स्पेसमध्ये सिमेंटचे बाक आहेत. फिरून आल्यावर तिथे आमचं शुगर मंडळ बसतं. गुल्हाने सर, म्हणजे रोहण्याच्या शाळेतून रिटायर झालेले गणिताचे मास्तर. भुतडा शेठ, किराणा दुकानवाले. सिंचन खात्यातले माजी हेडक्लार्क बापूराव. आणि मी. माझी शुगर अजून बॉर्डरवर आहे, त्यामुळे मला सभासद नाही, उमेदवार म्हणून घेतलंय!

मंडळाचा नियम एकच. ज्याची शुगर जुनी, तो सिनियर. त्याने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. बापूराव आपली शुगर बावीस वर्षांची सांगत, म्हणून ते अध्यक्ष.

सरांनी एकदा शंका काढली, "बापूराव, तुमच्या रिटायरमेंटच्या पार्टीत तर तुमी गुलाबजामची वाटी दुसऱ्यांदा भरून घेतलती!"

"तवा कंट्रोलमंधी होती," बापूराव म्हणाले. विषय संपला.

*

सरांनी एकदा विमा कंपनीला फोन लावला. स्पीकरवर, आम्हाला ऐकू यावं म्हणून. शुगरच्या गोळ्यांचं बिल पाठवलं होतं, ते परत आलं होतं.

पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, घरी घेतलेल्या गोळ्या पॉलिसीत बसत नाहीत. त्यासाठी ॲडमिट व्हावं लागतं."

"पण बाई, ॲडमिट व्हायची पाळी येऊ नाई म्हणूनच गोळ्या खाऊन राह्यलो ना मी!"

"बरोबर आहे सर. म्हणूनच त्या बसत नाहीत."

गणिताचा माणूस, पण ते उत्तर त्यांना अजून सुटलेलं नाही.

*

शेठची पॉलिसी नवी. एजंटने सांगितलं, तुमची शुगर आधीची आहे, तिचं कव्हर तीन वर्षांनी सुरू होईल.

शेठ म्हणाले, "ठीक है. मी शुगरले सांगून ठेवतो, तीन साल दुकानाबाहेर थांब म्हणून!"

तोवर शेठचं इन्सुलिन रोखीने येतं. फ्रीजमध्ये कायम एखादं जादा न उघडलेलं इंजेक्शनचं पेन असतं. पूर्वी शेजारीपाजारी वाटीभर साखर उसनी मागायला यायचे. आता आमच्या लेआउटमध्ये लोक पेन मागायला शेठकडे येतात आणि शेठाणी देताना बजावतात, "आठवणीनं वापस करजो."

*

आता बापूरावांचं. आंजीला भाच्याचं लग्न होतं. दिवसभर उभं राहून पाय अवघडले, म्हणून घरी येऊन गरम पाण्याच्या बादलीत पाय बुडवून बसले.

वहिनी म्हणाल्या, "अहो, थांबा ना, पाणी कढत हाय."

"काही कढत गिढत नाई. मले तर कोमट लागून राह्यलं."

शुगरने बधिर झालेल्या पायाला काही समजत नव्हतं, हे त्यांना समजलं नव्हतं. सकाळी डाव्या पायाला फोड, आठवड्यात जखम, आणि मग करंगळी काळी पडायला लागली.

*

दवाखान्यात भरती केलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पायाची रक्ताची नळी बंद झालीय, ती उघडावी लागेल. विम्याची मंजुरी लवकर आली तर करंगळीवर भागेल. नाही तर पाय. पदरचा खर्च करायची घरात सोय नव्हती.

तरुण डॉक्टरीण केसपेपर लिहायला आली. आम्ही तिघं पलंगाभोवती उभे.

"काका, शुगर किती वर्षांपासून?"

बापूरावांनी आमच्याकडे पाहिलं. उशीवर जरा वर सरकले.

"बावीस वर्षं!"

तिने लिहून घेतलं.

खरं तर बापूरावांच्या मुलाने त्यांची पॉलिसी काढली तेव्हा शुगर नव्हतीच. त्या वेळचा रिपोर्ट नॉर्मल होता. शुगर निघाली त्यानंतर, चार वर्षांपूर्वी. हे वहिनींना माहीत होतं, मुलाला माहीत होतं, फक्त मंडळाला माहीत नव्हतं. केसपेपर पाहून कंपनीचं उत्तर आलं : जुना आजार लपवून पॉलिसी घेतली, सबब मंजुरी नाही.

मुलाने नॉर्मल रिपोर्ट पाठवला. कंपनीने विचारलं, मग पेशंट स्वतः बावीस वर्षं का सांगतो?

वहिनी पलंगाच्या पायथ्याशी बसून म्हणाल्या, "लोकं आजार लपवतात. ह्यांनी वाढवून सांगतला!"

*

डॉक्टरीण म्हणाली, काकांनी स्वतः खरं सांगितलं तर मी तसं लिहून देते. आम्ही सगळे वॉर्डात गेलो. बापूराव भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"सांगा ना, काऊन बसलात चूप?" सर म्हणाले.

"यायच्यासमोर नाई सांगत."

आम्ही बाहेर गेलो. दार लोटलेलं होतं, तरी ऐकू आलंच. "चार वर्षं, बाई. चारच." इतका बारीक आवाज त्या माणसाचा मी कधी ऐकला नव्हता. मंडळात आम्ही कशावरही हसतो. त्या दिवशी कोणी हसलं नाही, आणि मला फार वाईट वाटलं.

*

मंजुरी आली, हे आधीच सांगून टाकतो. करंगळी गेली, पाय राहिला. पण त्याआधी कंपनीने नागपूरहून चौकशीला एक साहेब पाठवले, तो किस्सा राहिला.

साहेब बूट-टायमध्ये. बगलेत फाइल. वॉर्डात पलंगाशेजारी उभं राहून त्यांनी एकेकाला विचारलं, हे गृहस्थ जुने डायबेटिक आहेत का?

"बिलकूल नाई!" शेठ म्हणाले. "काल-परवाचा माणूस आहे हा!"

"आमच्यात सगळ्यात ज्युनिअर," सर म्हणाले.

मी म्हटलं, "माझ्यापेक्षा जरासाच पुढे असेल."

बापूराव छताकडे पाहत सगळं ऐकत होते. साहेब लिहीत होते. तेवढ्यात वहिनींनी सगळ्यांसाठी कॅन्टीनमधून चहा आणला.

साहेब म्हणाले, "मला बिनसाखरेचा."

बापूराव हळूच कोपरावर उठले.

"किती वर्षं, साहेब?"

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "हे कुठे बोलू नका. माझ्या स्वतःच्या पॉलिसीत लिहिलेलं नाही."

"ते जाऊ द्या. पाय पाह्यता का रोज?"

"कोणाचे?"

"आपलेच."

"एवढा वेळ कुठे मिळतो?"

"काढा बूट," बापूराव म्हणाले.

साहेबांनी एकदा दाराकडे पाहिलं. मग फाइल खिडकीत ठेवली, स्टूल ओढलं, आणि खाली वाकून लेस सोडायला लागले.