तिच्या आवाजातले प्रश्न

नलिनी गेल्याचं मला नलिनीच्याच नंबरवरून कळलं. सकाळी लॅबमध्ये मुलींना ब्युरेट भरायला शिकवत होते, तेवढ्यात मोबाइल थरथरला आणि स्क्रीनवर तिचं नाव आलं. आवाज गेल्यापासून ती माझ्याशी मेसेजनेच बोलायची, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून. म्हणून मी सहज उघडला. 'नलिनी पहाटे गेली.' तिच्या यजमानांनी तिच्याच मोबाइलवरून पाठवला होता, हे समजायला थोडा वेळ लागला... तेवढ्या वेळात मला वाटलं, तीच सांगतेय. आज इतक्या आठवड्यांनीही तो मेसेज उघडला की तसंच वाटतं.

कणकवलीच्या कॉलेजात आम्ही दोघी एकदमच लागलो. ती फिजिक्सला, मी केमिस्ट्रीला. ती मिठबावची, समुद्राकाठची, आणि आमच्याकडे येणारी बरीच मुलंही तशीच किनाऱ्यावरच्या गावांतून येणारी. गावची एसटी चुकू नये म्हणून दुपारी लेक्चर अर्धं टाकून पळायची. घरी गेल्यावर फिजिक्स विचारायला कोणी नाही, म्हणून मग नुसती पाठ करायची. दोन हजार सातच्या सुमारास त्यांच्यातल्या काहींच्या हातात मोबाइल आले आणि आमच्याकडे लगेच मोबाइलबंदीची नोटीस लागली. नलिनी ती वाचून थेट प्राचार्यांकडे गेली. मला सोबत नेलं.

"मॅडम, मोबाइलने मुलं बिघडतात," प्राचार्य म्हणाले.

"सर, एकटी बसून पाठ करूनही बिघडतात," ती म्हणाली. "मला त्यांना एकमेकांशी बोलायला लावायचंय."

एका टर्मपुरती परवानगी मिळाली, तीही फक्त फिजिक्सच्या लॅबमध्ये. नलिनीने हजेरीचे नंबर बाजूला ठेवून गावांप्रमाणे गट पाडले. गटात एक मोबाइल असला तरी पुरे. ती स्वतःच्या आवाजात एक प्रश्न रेकॉर्ड करायची आणि ब्लूटूथने सगळ्यांना द्यायची. गटाने संध्याकाळी गावात एकत्र बसून उत्तर शोधायचं, आपल्या भाषेत रेकॉर्ड करायचं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावाच्या गटाला द्यायचं. त्यांनी ते ऐकून चूक काढायची. उत्तर तिच्या आवाजात कधीच नसायचं.

पहिला प्रश्न अजून आठवतो. तळ्यात होडी आहे, होडीत नांगर आहे. नांगर उचलून पाण्यात टाकला, तर तळ्याचं पाणी वर चढेल, खाली जाईल, की होतं तेवढंच राहील? मिठबावच्या गटाने ठासून सांगितलं, "पाणी वाढतला." त्यावर तारकर्लीच्या दीपाचं, जिच्या वडिलांची स्वतःची होडी होती, उत्तर आलं, "अगो, नांगर टाकल्यार होडी हलकी होवन वर येतली, तेचा काय?" टबात टोप तरंगवून, त्यात वजनं ठेवून बघणं, सगळं झालं. आठवडाभर भांडण चाललं होतं. मलाही राहवेना, म्हणून मी नलिनीला उत्तर विचारलं. ती म्हणाली, "माका कित्याक विचारतस? त्यांका विचार गो." मी खरंच दीपाला विचारलं, आणि तिने मला स्टाफरूमच्या दारात उभं करून पाणी खाली का जातं ते समजावलं.

टर्म संपल्यावर परवानगी वाढवून मिळाली. मग तिचा आवाज बसायला लागला. खडूची धूळ असेल म्हणून आधी कोणी मनावर घेतलं नाही. गोव्याला तपासण्या झाल्या, घशाचा कॅन्सर निघाला आणि स्वरयंत्र काढावं लागेल असं सांगितलं. ऑपरेशनला जायच्या आदल्या दिवशी ती लॅबच्या डार्करूममध्ये, जिथे प्रकाशाचे प्रयोग होतात त्या काळ्या पडद्यांच्या खोलीत, मोबाइल घेऊन बसली. कोणी आत येऊ नये म्हणून मी दाराशी उभी होते. एकामागून एक प्रश्न ती बोलत होती, मध्ये थांबत होती, पुन्हा बोलत होती. बाहेर आली तेव्हा चेहरा घामाने भिजला होता. "झाले. आता जातंय," म्हणाली. मी तिच्या तोंडून ऐकलेलं ते शेवटचं.

परत आली ती, श्वासासाठी गळ्यात केलेल्या छिद्रावर रुमाल बांधून. फळ्यावर लिहून शिकवू लागली. पहिल्याच प्रॅक्टिकलला एका गटाने तिचा प्रश्न लावला आणि तिचाच आवाज लॅबभर झाला. हातातला खडू ठेवून ती व्हरांड्यात निघून गेली. दीपा मागे धावली. "मॅडम, तुमका त्रास होता तर आमी पुसून टाकतंव." नलिनीने मोबाइलवर टाइप करून तिच्यापुढे धरलं. 'पुसू नका. मोठ्याने लावू नका.'

त्यानंतर मुलं इअरफोन लावू लागली, एक कान एकीला, एक दुसरीला. ती टेबलापाशी बसून त्यांच्या चेहऱ्यांकडे बघत राहायची. आपला आवाज आत्ता त्यांना काय विचारतोय, ते ओळखायचा प्रयत्न करत असावी... दुखणं उलटलं तेव्हाही ती लॅबला येत होती.

ती गेल्यावर एकदा एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत होते. मागून तिचा आवाज आला, अगदी जवळून. मी वळले. बाकावर दोन अनोळखी मुली मोबाइलवर वाकून बसल्या होत्या. आमच्या कॉलेजच्याही नव्हत्या. कोणाकडून कोणाकडे जात तो प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचला होता, आणि ही बाई कोण, हे त्यांना ठाऊकही नसावं. माझी गाडी लागली, सुटली, तरी मी तिथेच उभी.

नवे शिक्षक येईपर्यंत तिची प्रॅक्टिकल्स मी घेतेय. गेल्या आठवड्यात मुलं लॅबमध्ये तशीच गप्प, कानात इअरफोन. मला ती शांतता सोसेना. म्हटलं, "आता मोठ्याने लावलंत तरी चालेल."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. "मॅडमनी नको म्हणान सांगितल्यानी," दीपा म्हणाली. तरी थोड्या वेळाने तिने इअरफोनची पिन काढली.

संध्याकाळी पाण्यावरून लांबचं बोलणं स्पष्ट ऐकू येतं, दुपारी येत नाही. कशामुळे? एवढंच विचारून नलिनी थांबली. पण रेकॉर्डिंग थांबलं नव्हतं. विचार करायला ती नेहमीच थोडा वेळ सोडायची. त्या रिकाम्या जागेत तिचा श्वास ऐकू येत होता, नाकातून येणारा, साधा, निरोगी वाटणारा. आम्ही सगळे तो ऐकत बसलो. माझी नजर तिच्या खुर्चीकडे जाईना.

मग दीपा बोलू लागली, माझ्याकडे न बघता, मोबाइलकडे तोंड करून, हळू.

"मॅडम, सांजवेळार पाण्यालागची हवा थंड आसता, वरची गरम. म्हणान आवाज वर गेलो तरी थंय रवणा नाय... वळान परत खाली येता."