पडद्यावरच्या बाईला दिलेला हुंकार

अर्जदार : मी स्वतः. वय त्या वेळी पंचेचाळीस. धंदा अर्जलेखन. राहणार देवपूर, धुळे.

सामनेवाले : (१) काळा कोट घातलेला एक परदेशी व्हायोलिनवादक. (२) रुंद घेराचा झगा घातलेली एक परदेशी गायिका. दोघांचाही पत्ता ठाऊक नाही. दोघे आज हयात आहेत किंवा कसे, हेही ठाऊक नाही.

घटनेची वेळ : नव्वद साल उलटल्यानंतरचा, पोळा होऊन गेल्यावरचा एक रविवार, दुपारी चार.

साक्षीदार : (१) आमच्या भागातील एक प्राध्यापक. (२) शेजारच्या कारकुनाची पत्नी. (३) माझी पत्नी. हिला खरे तर सामनेवाल्यांत घालावयास हवे होते, परंतु तसे लिहिण्यास हात धजला नाही.

नावे मुद्दाम दिलेली नाहीत. ज्यांना समजावयाचे, त्यांना ती समजतील.

माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. तरीही कचेरीच्या आवारातील लिंबाखाली माझ्या टेबलापुढे जेवढी माणसे बसत, तेवढी पदवी घेतलेल्या वकिलांच्या दारी बसत नसत, हे मी अभिमानाने नमूद करतो. याचे गुपित माझ्या घरात होते. कोणताही महत्त्वाचा अर्ज मी पक्का करण्यापूर्वी पत्नीस वाचून दाखवीत असे. ती एरंडोलकडच्या खेड्यातली, बोली अहिराणी, शाळा दोन इयत्ता. तिकडे कहाणी सांगताना ऐकणाऱ्याने वाक्यावाक्याला "हं" म्हणण्याची रीत आहे. हुंकार नसेल तर सांगणारा पुढे जात नाही. तीच रीत तिने माझ्या अर्जांना लावली. भाजी निवडता निवडता ती "हं" म्हणे, आणि ज्या वाक्याला हुंकार येत नसे, ते वाक्य मी खोडून पुन्हा लिहीत असे. अठरा वर्षांत विनाहुंकाराचा एकही महत्त्वाचा अर्ज मी साहेबांपुढे जाऊ दिला नाही.

अशात प्राध्यापक माझ्या टेबलाशी आले. जळगावला दाखवून झालेल्या परदेशी संगीताच्या फिल्मांचे पत्र्याचे डबे एसटीने धुळ्यास येणार होते. व्हायोलिनची एक मैफल आणि ऑपेराचा एक भाग; खेळ पुढले काही रविवार व्हावयाचे होते. ऑपेरा म्हणजे आपल्या संगीत नाटकासारखेच, मात्र त्यात माणसे साधे बोलणेसुद्धा गाऊन बोलतात, असे त्यांनी मला समजावले. त्यांना करमणूक कर माफ करून हवा होता. "सदर कार्यक्रम करमणुकीचा नसून केवळ शैक्षणिक स्वरूपाचा आहे" असे वाक्य मी लिहिले. पत्नीने हुंकार दिला. माफी तिसऱ्या दिवशी मिळाली. प्राध्यापकांनी खूश होऊन दोन पास दिले. माझ्या लेखणीने काय घडविले ते पत्नीस दाखवावे, या हेतूने मी तिला सोबत नेले.

सभागृहाच्या खिडक्यांना सतरंज्या टांगून अंधार केला होता. आवाज होतो म्हणून पंखे बंद. प्रथम व्हायोलिनवादक आला. आपल्याकडे वाजवणारा मांडी घालून बसतो. हा उभा, आणि वाद्य हनुवटीखाली दाबलेले, जणू कोणी हिसकावून नेईल. कॅमेरा त्याच्या बोटांजवळ गेला आणि ती बोटे भिंतीएवढी झाली. लांब, स्वच्छ, तारांवर थरथरणारी. मी अंधारात माझा उजवा हात खिशात घातला. मधल्या बोटाला शाईचा डाग होता, जो अंघोळीनेही जात नसे. पत्नी पुढे वाकून पाहत होती. हा मनुष्य डोळे मिटून वाजवितो, समोरच्यांकडे पाहण्याचे सौजन्यही दाखवीत नाही, असे मी तिच्या कानात म्हणालो. तिने हाताने मला गप्प केले.

मग ती बाई आली. प्राध्यापकांनी एकच वाक्य सांगितले होते : नवरा परगावी गेला आहे, ती वाट पाहते आहे. दगडी पायरीवर बसून ती गाऊ लागली. अंगाने भरलेली, वयाने माझ्या पत्नीएवढी. भाषा कोणालाच कळत नव्हती. तिने एक ओळ संपविली, श्वास घेतला, आणि त्या शांततेत माझ्या शेजारून आवाज आला, "हं."

मला वाटले, भास झाला. बाईने दुसरी ओळ म्हटली. "हं." तिसरी. "हं." पुढच्या रांगेतील माणसे वळून पाहू लागली. कारकुनाची पत्नी पदर तोंडाला लावून हसत म्हणाली, "वहिनी, ती बाई काय तुमची मावशी लागते का?"

"लागस ना," पत्नी पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "माहेरनी शे."

सगळे हसले. मी हसलो नाही. अठरा वर्षे जो हुंकार केवळ माझ्या वाक्यांना मिळाला, तो एका अनोळखी बाईने एकही शब्द न समजाविता घेतला होता. आणि मला दिला जाई त्यापेक्षा तो अधिक खोल होता. माझ्यासाठी तिने भाजी निवडणे कधी थांबविले नव्हते. येथे तिचे दोन्ही हात मांडीवर उघडे पडले होते.

दुसऱ्या दिवशी एका निराधार म्हातारीचा अर्ज मी वाचावयास घेतला. दोन वाक्ये झाली, हुंकार नाही. मी आवाज चढविला.

"वाचा ना, मी ऐकी ऱ्हायनी," ती म्हणाली. परंतु "हं" आले नाही. मी पाच वेळा मजकूर बदलला. म्हातारी दोन दिवस हेलपाटे घालत राहिली, याची मला आजही लाज वाटते.

त्यानंतर मी जे केले ते लिहिणे भाग आहे. मी माझ्याच अर्जाविरुद्ध तक्रार लिहावयास घेतली : सदर कार्यक्रम करमणुकीचाच होता, करमाफी रद्द व्हावी, पुढील खेळास परवानगी देऊ नये. पुरावा म्हणून पत्नीचे वर्तन कलमवार मांडले. परंतु सवय अशी की हुंकाराशिवाय कागद पक्का करवेना. म्हणून तिच्याविरुद्धचा तो कागद मी तिलाच वाचून दाखविला.

"सदर प्रेक्षक स्त्रीने पडद्यावरील स्त्रीस उद्देशून वारंवार हुंकार दिला."

"हं."

"तिच्या डोळ्यांतून पाणी आले."

"हं."

"शेजारी बसलेल्या पतीकडे तिने शेवटपर्यंत पाहिले नाही."

"हं," ती म्हणाली, आणि हातातले निवडण्याचे सूप बाजूला ठेवले. "बठ्ठं खरं शे, काही खोटं नही. पन एक बात ऱ्हायनी. तुमना पोटमा जे दुखी ऱ्हायनं, ते कोठे लिखं तुम्ही?"

मी म्हणालो, अर्जात अर्जदाराचे पोट येत नसते.

"मंग त्या बाईनं तिना पोटमानं कसं गायं?" ती म्हणाली.

तो कागद मी दाखल केला नाही. पुढचा खेळ झाला, त्याच्या पुढचाही झाला. ती प्रत्येक खेळाला गेली, पुढे कारकुनाच्या पत्नीलाही नेऊ लागली. मी लिंबाखाली कामाचे निमित्त करून बसत असे आणि मनातल्या मनात खेळ सुटण्याची वेळ मोजत असे. म्हातारीच्या अर्जाला हुंकार मिळाला; इतर अर्जांनाही मिळतो. परंतु तो कोणत्या ओळीला मनापासून आहे आणि कोणत्या ओळीला केवळ मी समोर बसलो आहे म्हणून, हे मला आता ओळखता येत नाही. त्या रविवारापूर्वी असा प्रश्नच पडला नव्हता.

तिला मी अनेकदा विचारले की त्या बाईने असे काय सांगितले होते, की तू हुंकार देत राहिलीस. ती म्हणते, "त्या बाईले पुसा." त्या बाईचा पत्ता मजजवळ नाही, हे वर नमूद केलेच आहे.

सबब विनंती की, साक्षीदार क्रमांक तीन हिने सदर प्रश्नाचे उत्तर अर्जदारास द्यावे. लेखी उत्तराचा आग्रह नाही. मुदत घालीत नाही. उत्तर अर्जदारास न मानवणारे असले तरी ते ऐकून घेण्यास तो तयार आहे, आणि ती बोलत असताना मध्ये एकही दुरुस्ती सुचविणार नाही, अशी लेखी हमी तो या कागदाद्वारे देत आहे.