बँकेतले खांब

दुसऱ्याच्या कामाला चांगलं म्हणणं रंगारीमामांच्या अगदी जिवावर यायचं. "रंग दिलाय की थुंकलाय?" असं ते घरमालकाच्या तोंडावर विचारायचे. जुन्या बँकेतले छताला भिडलेले संगमरवरी खांब तेवढे त्यांना पसंत होते. "तिथे कुणा रंगाऱ्याने हात घातला नाही, म्हणून शोभा राहिली," म्हणायचे.

पुढे ती बँक रंगवायचं काम त्यांनाच मिळालं. भिंत खरवडताना पत्ती घसरून खांबावर गेली आणि ओरखड्यातून चक्क लाकूड दिसलं. मामांनी शिडीवरूनच ओरखड्यावर नख फिरवून पाहिलं. जन्मभर ज्याला दगड समजत आले, ती कुणा रंगाऱ्याची करामत होती! एकेक करडी रेघ जणू आतून उमटलेली.

बोटभर ओरखडा बुजवण्यात मामांचा अख्खा दिवस गेला, तरी ती रेघ काही तशी वळेना. "आपण आयुष्यभर नुसत्या भिंती माखल्या," ते पुटपुटले.

संध्याकाळी मामी बोलवायला आल्या आणि दमून खांबाला टेकल्या. "अगबाई, किती गार आहे हो हा दगड!"

मामांनी तळवा टेकवला. त्यांनाही गारच लागला.