कौशल्याने कापलेली ताऱ्याची रेघ

रुपराव रामटेके कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे, राहायचे नागपूरच्या नंदनवन वस्तीत. छप्पन साली धम्मदीक्षा घेतलेलं घर; तिथं भुताखेताला थारा कुठला? तरी ऐंशीच्या मे महिन्यात, भर दुपारी, आतल्या खोलीतून त्यांना कात्रीचा आवाज येऊ लागला. कचक, कचक. कात्री त्यांच्या बायकोची, कौशल्याची. आणि कौशल्या जाऊन वर्ष व्हायला आलं होतं.

लोकांच्या बायका ब्लाउज कापतात, ही बाई तारे कापायची! त्याचं असं, की ताऱ्याचा उजेड वाटेतल्या वायूच्या ढगातून येताना तिथले अणू त्यातला थोडा गिळतात. डोळ्यांना न दिसणारा तो अतिनील उजेड उपग्रह टिपतो, आणि आलेखाच्या रेघेला त्या जागी खड्डा पडतो. खड्डा केवढा, यावरून अणू तो उजेड किती जोरानं ओढतो ते काढायचं, हाच रुपरावांचा ध्यास. मोजायचं महागडं यंत्र कुठून आणणार? मग खड्डा कात्रीनं कापायचा, कागदच तोलायचा आणि त्याच कागदाच्या ठरल्या मापाच्या चौकोनाच्या वजनाशी ताडायचा. कौशल्या शिवणकाम करणारी. तिच्या हातून रेघ सुटायची नाही.

आदल्या उन्हाळ्यात, सुट्टी लागल्यावर, कॉलेजचा नाजूक तराजू घरी आला. पडताळ्यासाठी तिनं आधी असा खड्डा कापला, ज्याचा जोर जगाला माहीत होता. तो वजनाला जास्त भरला. पुन्हा कापला, पुन्हा जास्त.

"तुहा हात हलला वं," रुपराव म्हणाले.

"नाही हलला जी."

"मंग वजन काहून वाढते? कागद काय जेवून राहिला?"

पावसाळ्यात तिला कावीळ झाली. धंतोलीच्या दवाखान्यात ती आपलाच हात डोळ्यांसमोर धरून बघायची.

"खरंच हलते काय जी हा?" तिनं विचारलं.

रुपराव औषध आणायला उठले. अरे, एक 'नाही' म्हणायला काय जात होतं! त्याच आठवड्यात ती गेली.

आता, या मे महिन्यात, आवाज ऐकून ते उठले. आत गेले तर कोणी नाही. कूलर कोरडा ठणठणीत. त्यात पाणी भरणारीच नव्हती. घाम पुसत त्यांनी डब्यातले तिनं कापलेले तुकडे काढले आणि सुट्टीत पुन्हा घरी आणलेल्या तराजूत तोलले. पहिला बरोबर भरला. दुसराही बरोबर.

मग त्यांना उमगलं. मापाचा चौकोन त्यांनी हिवाळ्यात कॉलेजात तोलला होता, कोरडा. तुकडे मात्र कूलरच्या ओल्या वाऱ्यात कापले आणि तिथंच तोलले. कागद तेव्हा पाणी प्यायला होता; आता वाळला.

"हात नव्हता हलला वं तुहा!" ते रिकाम्या खोलीत ओरडले. कात्री काही थांबली नाही.

पुढं त्यांचं काम छापून आलं. कोणी आकड्यांचं कौतुक केलं की रुपराव म्हणत, "कापणारीचा हात पक्का होता. चूक माही." कॉलेजात सांगितलं, शेजारी सांगितलं, पानठेल्यावरही सांगितलं. जिला सांगायचं होतं, ती तेवढी राहून गेली.