सुपडूचे लाल ठिपके

सुपडूच्या बायकोचा, लता वहिनींचा फोन आला तेव्हा मी धुळ्याला आमच्या कॉलेजच्या वाचनालयात परत आलेली पुस्तकं कपाटात लावत होतो. "भाऊ, हे गेले... दुकानातच, छातीत दुखलं म्हणून बसले," एवढंच त्या बोलू शकल्या. लगेच जळगावची बस पकडली. सांगायला लाज वाटते, पण वाटभर मी सुपडूचा नव्हे, त्याच्या दुकानात पडलेल्या माझ्या डब्याचा विचार करत होतो. त्याला सापडलं असेल का?

सुपडू आणि मी पाचोऱ्याच्या शाळेत एका बाकावर बसायचो. मी मधल्या सुट्टीतही वाचायचो म्हणून तो मला 'पंडित' म्हणे. पुढे त्याने जळगावात रेडिओ, मिक्सर, लग्नाच्या बँडचे अॅम्प्लिफायर दुरुस्त करायचं दुकान टाकलं. माणूस भारी संशयी. कोरा पार्ट आणला तरी मीटर लावून बघणार, आणि त्या मीटरवर भरवसा नाही म्हणून दुसरा मीटर. "बठ्ठा डुप्लिकेट शे, पंडित," म्हणजे सगळं नकली, हे त्याचं ठरलेलं अहिराणी वाक्य, आणि ते चहातल्या दुधालाही लागू. तपासून खात्री पटली की त्या पार्टवर वहिनींच्या नेलपेंटचा लाल ठिपका. वहिनी म्हणायच्या, "माझ्या नखांपेक्षा यांच्या मशिनीच जास्त नटतात."

चाळिशीनंतर मी गिटार शिकायला घेतली तेव्हा तो आधी पोट धरून हसला आणि मग महिन्याभरात एक पेडल बनवून घेऊन आला. पायाने बटण दाबलं की गिटारचा गोड सूर खरखरीत, गुरगुरता होतो, असं ते यंत्र. जेवणाच्या अॅल्युमिनियमच्या डब्यात बसवलेलं. "आवाज आवडना नही तर भाजी भर," म्हणाला. उत्तम चालत होतं. पण मी पुस्तकी माणूस. जुन्या रेडिओतल्या ट्रान्झिस्टरने आवाज जास्त ऊबदार होतो, असं मी वाचलं. वडिलांचा बंद रेडिओ घरात होताच. त्यातला एक काढून मी सुपडूच्या पार्टच्या जागी सोल्डर केला. त्या दिवसापासून सूर मध्येच तुटू लागला, घशात काही अडकावं तसा. जुना पार्ट परत बसवावा, तर काढताना त्याचा पाय मोडला होता.

डबा घेऊन जळगावला गेलो. आपल्या कामाला दुसऱ्याने हात लावलेला सुपडूला खपत नसे. एका बँडवाल्याशी त्यावरून त्याने बोलणंच टाकलं होतं. डबा उघडण्याआधी त्याने विचारलं, "येले हात लायेल नही ना तू?"

"नाही," मी म्हणालो.

मग दर आठवड्याला फोन. संशय आधी माझ्या वायरवर, मग अडॅप्टरवर, मग विजेवर. "तुमना धुळ्याना करंटच खोटा शे!"

"अरे, पण जळगावलाही तसाच वाजतोय ना?"

"मंग जळगावना बी!"

मी हसायचो आणि विषय बदलायचो.

शेवटचे भेटलो तेव्हा डबा त्याच्यासमोर उघडा होता. नेलपेंटचा ब्रश हातात धरून त्याने पुन्हा विचारलं, या वेळी अगदी साध्या मराठीत, "पंडित, तू हात लावला नव्हतास ना?" "नाही रे." त्याने ब्रश बाटलीत घातला, झाकण फिरवलं. "मग झालं तर," म्हणाला आणि चहा सांगितला.

दिवसकार्यानंतर वहिनींनी डबा आणि ती बाटली माझ्या हातात दिली. तीन आठवडे मी डब्याकडे फिरकलो नाही. परवा उघडला. प्रत्येक पार्टवर लाल ठिपका होता, बटणावर होता, तारांच्या टोकांवरसुद्धा होता. फक्त एका ट्रान्झिस्टरवर नव्हता... मी बसवलेल्या. मी तो उलटा बसवला होता. जुन्या पार्टच्या पायांचा क्रम वेगळा असतो, हे त्याच पुस्तकात पुढच्या पानावर छापलं होतं.

तेव्हापासून दोन शंका पाठ सोडत नाहीत. दोन-दोन मीटर लावणाऱ्या या माणसाने माझ्या एका 'नाही'वर भरवसा ठेवला आणि तेवढी जागा सोडून सगळीकडे शोधत राहिला? की माझं ते गाठीगाठीचं सोल्डर त्याने पहिल्याच दिवशी ओळखलं, आणि मी कधी बोलतो याची वाट बघत बसला? पहिलं खरं असेल तर मी त्याला फसवलं. दुसरं खरं असेल, तर ते सगळे आठवडे तो मलाच तपासत होता.

मी पार्ट फिरवून बसवला. सूर सलग आला. वहिनींना फोन करून सांगितलं.

"काय झालं होतं हो डब्याला?" त्यांनी विचारलं.

"मी हात लावला होता, वहिनी. सुपडूला मात्र नाही म्हणालो."

मग त्या म्हणाल्या, "त्यांना ठाऊक होतं?"

"तेच तुम्हाला विचारणार होतो."

"मला नाही कधी बोलले, भाऊ..."

डबा आता माझ्या टेबलावर आहे, झाकण न लावलेला. शेजारी ती बाटली. पार्ट नीट बसलाय, दोनदा मीटर लावून पाहिलंय. ठिपका तेवढा दिलेला नाही. ब्रश हातात घेतला की सुपडू पुन्हा विचारतो, आणि रिकाम्या खोलीत मी त्याला सांगतो, लावला होता रे.