पारावरची खुर्ची

निवृत्तीच्या समारंभात मला सात शाली आणि सात नारळ मिळाले. नारळ संपले, शालींचं काय करावं ते बायकोला अजून सुचलेलं नाही. धाड गावाजवळच्या या खेड्यात छत्तीस वर्षं मास्तरकी केली, इथंच घर बांधलं, आणि आता इथंच दिवस कसा काढावा ते कळेना. बायको म्हणाली, "घरात बसून माह्या डब्यांवर नजर ठेवू नका. जा, चार लोकांत बसा."

जायला मी तयारच होतो. पण चार लोकांत मला कुणी बसूच देत नाही.

भजनी मंडळात गेलो. मला झांज वाजवायची होती. बरी-वाईट, पण वाजवायची होती. तिथं माझ्यासाठी वेगळी चादर अंथरली, कपाळाला बुक्का लावला आणि पहिल्या अभंगानंतर म्हणे, "सर, दोन शब्द बोला." बोललो. दुसऱ्या अभंगानंतर आणखी दोन शब्द. झांज कोपऱ्यात तशीच पडून. व्हॉलीबॉलच्या मैदानावर गेलो तर हातात शिट्टी दिली. या वयात उड्या मारायला जमणार नाही, कबूल, पण शिट्टी? ती तर मी छत्तीस वर्षं फुंकली! मला शाल पांघरून कुठंतरी बसवून ठेवायचा कट अख्ख्या गावानं केलाय, असंच वाटायला लागलं.

खरी मजा कुठं चालते ते मला ठाऊक होतं. बाजाराच्या जागेजवळ कडुनिंबाचा पार आहे. तिथं रोज दुपारी पाच-सहा जण मेंढीकोट खेळतात. त्यांचं हसणं माझ्या ओसरीपर्यंत ऐकू येतं. मी पाराजवळ पोचलो की हसणं बंद. पत्ते मांडीखाली. पन्नाशीची माणसं ही, एकाला तर नातू झालाय! सगळे माझे विद्यार्थी. त्यातल्या एकाचं आता किराणा दुकान आहे. तो सातवीत असताना मी त्याचा पत्त्यांचा अख्खा कॅट वर्गासमोर फाडला होता. तेव्हा मला फार कर्तव्यदक्ष वाटलं होतं.

एका दुपारी ठरवूनच गेलो. म्हटलं, "मांडीखालचे पत्ते काढा. मलापण वाटा."

अचानक परीक्षा घेतल्यासारखे सगळे एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी दुकानदारानं पत्ते पिसले आणि तोच माझा भिडू झाला. पहिले दोन डाव समोरच्यांनी मला मुद्दाम जिंकू दिले. हातात लहान पानं असताना माझ्यापुढं दहिले, म्हणजे ज्यांच्यावर डाव जिंकतात तीच पानं, टाकत होते. असा संताप आला! "नीट खेळा रे," मी ओरडलो.

तिसऱ्या डावाला मात्र रंग चढला. पानं आपटली जाऊ लागली, मी कोण आहे ते जरा विसरलं गेलं. दुकानदारानं चौकटचा एक्का टाकला, समोरच्याचा दहिला पडला. हात आमचाच झाला होता. माझ्याकडे चौकटचं पान नव्हतं, आणि मी उत्साहाच्या भरात हुकमाचा राजा आपटला.

"काऊन कापलं बे?" दुकानदार कडाडला. "आपलाच हात होता ना! डोक्यात भुसा भरला काय तुह्या?"

भुशाचं हे वाक्य माझंच. छत्तीस वर्षं फळ्यासमोर उभं राहून मी ते वापरलं होतं. पण खरं सांगतो, त्या क्षणी जेवढं बरं वाटलं, तेवढं सातही शाली मिळून वाटलं नव्हतं. मी हसायला तोंड उघडलं, तर सगळ्यांनी हातातले पत्ते खाली ठेवले. दुकानदार उभा राहिला आणि त्यानं दोन्ही कान धरले.

"चुकलं सर. तोंडातून निघून गेलं."

"अरे, बरोबर बोललास तू. बस खाली. पुढं खेळ."

तो माझ्या पायांकडे वाकला. मी वैतागलो, अक्षरशः हात जोडले, "बाबा रे, पाया पडू नको, पान टाक." सरांनी हात जोडले म्हटल्यावर तर बाकीचेही उठून उभे राहिले. पत्ते गोळा झाले.

घरी येऊन सगळं बायकोला सांगितलं. ती पोट धरून हसली. "मंग जा ना उद्या पुन्हा."

दुसऱ्या दिवशी चहासुद्धा न घेता गेलो. पारावर लाल प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती, पुसून, दुकानातून आणलेली. शेजारी पाण्याचा तांब्या आणि पेपर.

"बसा सर," दुकानदार म्हणाला.

बसलो. पेपर उघडला. सगळे मांड्या आवळून बसले होते, आणि दुकानदाराच्या मांडीखालून एका पत्त्याचा कोपरा दिसत होता. पाच मिनिटांनी पेपराची घडी घातली आणि उठलो.

वळणावर पोचलो तोच मागून आवाज आला, "वाट बे लवकर, गेले सर."